चतुष्पादांचे ज्ञातिसंमेलन

दिवाळी अंकात साहित्यसंमेलनावर लिहिणारे पुष्कळ आहेत, नाट्यसंमेलनावर लिहिणारेही आहेत. संपादकांनी दिवाळीनिमित्त या पानाला जागा जरा ऐसपैस दिली आहे, म्हणून मी आज एका निराळ्याच संमेलनाबद्दल लिहिणार आहे. तिथे अध्यक्ष नसतो, ठराव होत नाहीत, आणि भाषणे झालीच तर सर्व वक्ते ती एकदम करतात. हे संमेलन कुत्र्यांचे आणि तेही एकाच जातीच्या कुत्र्यांचे. म्हणजे अस्सल ज्ञातिसंमेलनच म्हणा ना!

आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांत जातिवंत कुत्री एवढी कधी झाली, हे कुणालाच सांगता येणार नाही. अंबरनाथला कारखान्यांची वसाहत होती, तेव्हा एखाद्या साहेबाच्या बंगल्यावर अल्सेशियन असे आणि फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी. उल्हासनगरच्या कॅम्पांत तर १९४९ साली नव्या गावाची कोनशिला बसली तेव्हा माणसांनाच बराकीत डोके टेकायला जागा मिळण्याची मारामार. कुत्रा कोण पाळतो? आता बराकींच्या जागी इमले उठले आणि सातव्या मजल्याच्या गॅलरीतून लॅब्रॅडॉर खाली पाहू लागला. न्यूफाउंडलंडच्या बर्फगार पाण्यात कोळ्यांबरोबर उड्या मारणाऱ्यांचा हा वंशज! एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो त्या बदलापुरात, दोन खोल्यांत, पंख्याखाली चार पाय पसरून पडलेला असतो.

अशा कुत्र्याला रस्त्यावर फिरवून आणले की काम भागले, असे पूर्वी समजत. हल्ली मोबाईलवर निरोप फिरतो, ‘रविवारी सकाळी सात वाजता लॅब्रॅडॉरवाल्यांनी जमावे.’ मग कुणी कॅम्प नंबर चारहून, कुणी अंबरनाथच्या पूर्वेहून, कुणी कात्रप-बेलवलीहून येतो. रिक्षावाला आधी कुत्र्याकडे पाहतो, मग मालकाकडे, आणि मग भाडे सांगतो. गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या माळावर दहाबारा कुटुंबे आणि तेवढीच कुत्री जमतात. मी आणि आमच्या घरातले मंडळही, म्हणजे सौ. आणि तिचा लाडका ब्रूनो, दोन वर्षे या माळावर नेमाने जात आहोत.

ही हौस काही आमच्याच गावची नाही. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ च्या जूनमध्ये श्वानप्रदर्शन भरले, त्यात पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जाती तेवढ्या होत्या. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमथच्या ज्या वाड्यावर १८६८ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीची पहिली पिल्ले झाली, त्या वाड्याच्या पडक्या भिंतींपुढे २०२३ च्या जुलैत जगभरातून ४६६ गोल्डन जमले होते. त्याचे छायाचित्र आमच्या माळावर हातोहात फिरले. ‘पाहा, एका जातीची म्हणून कशी शहाण्यासारखी बसली आहेत!’ असे एक गृहस्थ म्हणाले. नेमके इथेच फसायला होते.

जात एक म्हणजे स्वभाव एक, हे माणसांच्या बाबतीत खरे नाही, हे आपल्याला फार यातना सोसून कळले आहे. कुत्र्यांच्या बाबतीतही ते खरे नाही. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली, दोन हजारांवर कुत्र्यांचे आनुवंशिक नमुने तपासले, आणि २०२२ साली निष्कर्ष छापला. कुत्र्या-कुत्र्याच्या वागणुकीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीने सांगता येतो! बाकीचे सारे त्या त्या कुत्र्याचे आपले. तेव्हा ‘आमचा लॅब्रॅडॉर आहे, तो कुणाला काही करत नाही’ हे वाक्य ऐकले की मी दोन पावले मागे सरतो.

मग एका जातीचे मेळावे भरवायचेच कशाला? त्याला कारण आहे. अंगापिंडाने कुत्री सारखी असतात, आणि खेळण्याची तऱ्हाही पुष्कळशी जुळते. लॅब्रॅडॉर खेळतो तो पैलवानासारखा, अंगावर अंग आदळून. आपल्याकडचा कारवान किंवा मुधोळ घ्या. याच मुधोळाचे चित्र २००५ साली टपालाच्या तिकिटावर आले होते. तो नजरेने शिकार हेरणारा आणि वाऱ्यासारखा धावणारा. त्याच्यासमोर एखादे पॉमेरियन तुरुतुरु पळाले तर त्याला ते पॉमेरियन वाटेल की ससा, याची खात्री मी देणार नाही. सारख्याला सारखा भेटला म्हणजे हे प्रकार टळतात. मेळाव्याचा फायदा एवढाच. स्वभावाची हमी तो देत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गेल्या भाद्रपदातली ही हकिकत. कॅम्प नंबर चारहून एक तरुण जोडपे रिक्षातून उतरले. बाईंच्या हातात टॉवेलात गुंडाळलेले पिवळसर पिल्लू, वय दहा आठवडे. त्या आल्या त्या थेट घोळक्याकडे, आणि पिल्लू गवतात सोडणार एवढ्यात आमच्यातले एक निवृत्त बँकवाले आजोबा पुढे झाले.

“अहो सूनबाई, खाली नका ठेवू त्याला.”

“का हो काका? सवय नको का व्हायला? आमच्या बिल्डिंगमधले सगळे सांगतात, लवकर मिसळू द्या.”

“लशी किती झाल्या?”

“एक झालीय. दुसरी पुढच्या आठवड्यात.”

“मग हातातच राहू दे.”

यजमान जरा तापटच होते. ते म्हणाले, “अहो, डॉक्टर म्हणतात लशी पुऱ्या व्हायला चार महिने. तोवर काय याला कपाटात ठेवायचं?”

प्रश्न चोख होता. त्याचे उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय कुणीही पिल्लू घरात आणू नये, असे माझे मत आहे. एका बाजूने घड्याळ धावत असते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन संशोधकांनी अमेरिकेत बार हार्बर येथे अनेक वर्षे पिल्ले वाढवून पाहिली आणि १९६५ साली त्यावर जाड ग्रंथ लिहिला. त्यांना आढळले, की तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारे सताड उघडी असतात. या काळात जे भेटेल ते आपले. पुढे दारे हळूहळू लोटली जातात. त्याच प्रयोगशाळेतला १९६१ चा प्रयोग तर अंगावर काटा आणणारा आहे. काही पिल्ले कुंपणाच्या आत, माणसाच्या सहवासाशिवाय चौदा आठवड्यांची होऊ दिली. ती माणसाला पाहून रानातल्या जनावरासारखी बुजू लागली.

दुसऱ्या बाजूने रोग उभा असतो. पार्व्हो हा विषाणू १९७८ साली जगापुढे आला आणि तेव्हापासून पिल्लांचा काळ होऊन बसला आहे. तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि माणसाच्या चपलेबरोबर घरातही येतो. आईच्या दुधातून मिळालेली शक्ती ओसरत असते, आणि ती असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन:पुन्हा द्यावी लागते, ती सोळा आठवड्यांपर्यंत. म्हणजे मनाची दारे बाराव्या आठवड्याला लोटली जाणार आणि अंगाचे दार सोळाव्याला बंद होणार! मधल्या फटीत मालकाची परीक्षा.

आमच्याच बाजूच्या इमारतीत, एकाच जिन्यावरच्या दोन घरांत, या परीक्षेचे दोन निकाल मी पाहिले आहेत. तळमजल्यावरच्यांनी पिल्लू आणले आणि पहिल्याच आठवड्यात मैदानावर मोकळे सोडले. पाचव्या-सहाव्या दिवशी ओकाऱ्या, मग रक्ताची हगवण. सलाईन लावले, रात्री जागवल्या. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. त्या घरची सात वर्षांची मुलगी दोन दिवस शाळेत गेली नाही. पिल्लाची वाटी तिने अजून टाकू दिलेली नाही. हे पाहून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आपले पिल्लू पाच महिने दाराबाहेर काढलेच नाही. ते जगले, धष्टपुष्ट झाले. पण आज तीन वर्षांचा तो कुत्रा कुकरची शिटी झाली तरी पलंगाखाली शिरतो, आणि दारात पोस्टमन आला तर दाताने चौकट धरतो. घरात पाहुणा येत नाही, घरचे गावाला जात नाहीत. रोगाने मेला नाही, पण भीतीने रोज थोडा थोडा मरतो आहे.

तेव्हा आजोबांनी त्या जोडप्याला सांगितले ते असे. पिल्लाला जग दाखवा, पण त्याचे पाय सार्वजनिक मातीला लावू नका. कडेवर घेऊन स्टेशनच्या पुलावर उभे राहा. लोकल येते, जाते, गर्दी उतरते, हे त्याला पाहू द्या. अंबरनाथच्या देवळापाशी न्या, घंटा ऐकू द्या. नऊशे-साडेनऊशे वर्षांच्या त्या शिवालयाने पुष्कळ पाहिले आहे, एक पिल्लू आणखी पाहील. दाढीवाला, टोपीवाला, छत्रीवाला, काठी टेकणारी म्हातारी आणि सायकलवरचे पोर, सगळ्यांच्या हातून एकेक दाणा खाऊ द्या. आणि ज्याच्या लशी पुऱ्या झाल्या आहेत, जो स्वभावाने शांत आहे, असा ओळखीचा एकच मोठा कुत्रा आपल्या घरी, पुसलेल्या फरशीवर भेटवा. अमेरिकेतल्या पशुवर्तनाच्या डॉक्टरांच्या संस्थेने २००८ पासून सांगितलेच आहे, की पहिल्या लशीनंतर सात दिवसांनी आणि जंताचे औषध दिल्यावर पिल्लांच्या वर्गाला हरकत नाही. पण ती गोष्ट स्वच्छ, बंदिस्त जागेची. आमचा माळ म्हणजे बंदिस्त जागा नव्हे. तिथे रात्री कोण कोण येऊन गेले, हे गवतालाच माहीत!

बाई समजल्या. पिल्लू तासभर त्यांच्या मांडीवर बसून मोठ्यांची दंगल पाहत होते. मधूनच जांभई देई. यजमानांचा तापटपणाही उतरला. जाताना ते आजोबांच्या पाया पडले, आणि आजोबांनी पिल्लालाच आशीर्वाद दिला.

‘मिसळणे’ या शब्दानेच हा घोटाळा केला आहे, असे मला वाटते. कुत्र्याने दिसेल त्याच्याशी लगट केली पाहिजे, असे कुणी म्हटले नाही. दुसरा कुत्रा समोर असताना ज्याला स्वस्थ बसता येते, तो माणसाळलाही आणि कुत्राळलाही. (हा शब्द माझा, कोशकारांनी राग मानू नये.) बदलापूरच्या एका शिक्षिकाबाईंचा मोती पाहा. काळा, चार वर्षांचा. आधीच्या मालकांनी त्याला गॅलरीतच वाढवले आणि घर बदलताना बाईंच्या गळ्यात घातला. दुसरा कुत्रा म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हते. पहिल्या रविवारी आमचा घोळका पाहताच तो थरथरू लागला. कुणी उत्साही म्हणाले, “सोडा हो बाई, दोन मिनिटांत दोस्ती होईल!” बाईंनी सोडले नाही. त्यांनी चाळीस पावलांवर सतरंजी पसरली आणि मोतीला शेजारी घेऊन वह्या तपासत बसल्या. पुढच्या रविवारी पस्तीस पावले. तिसऱ्या रविवारी ब्रूनोला घेऊन मी त्यांच्याबरोबर चाललो, समोरासमोर नाही, तर एकाच दिशेने, मध्ये रस्त्याची रुंदी ठेवून. पाचव्या रविवारी मोतीने ब्रूनोचा मागचा भाग हुंगला. तीन अंक मोजेपर्यंत हुंगू दिला आणि बाईंनी हाक मारून त्याला परत बोलावले. बस, एवढेच. मोती आजही दंगलीत उतरत नाही. सतरंजीवर बसतो, बाईंच्या वह्यांवर लाळ गाळतो. पण आता थरथरत नाही.

समोरासमोर आणून, दोऱ्या ताणून, नाकाला नाक लावून ओळख करून देण्याची आपली पद्धत माणसांची आहे. कुत्र्यांच्या रीतीत ती उद्धटपणाची. दोन शहाणे कुत्रे भेटतात ते वळसा घेऊन, नजर चुकवत. दोरी ताणली की कुत्र्याची छाती पुढे निघते, मान वर होते, आणि समोरच्याला वाटते, हा भांडायला आला. दोरी सैल हवी. ती धरणाऱ्याचा जीवही सैल हवा.

शेपटी हलते म्हणजे तो खूश, हीदेखील एक लोककथाच. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली पाहिले, की मालक दिसला तर शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला तर डावीकडे. आता माळावर कोनमापक घेऊन कोण उभा राहणार? त्यापेक्षा सबंध अंग पाहावे. खेळणाऱ्याचे अंग लोण्यासारखे असते. पुढचे पाय टेकून, ढुंगण वर करून तो निमंत्रण देतो, आणि आळीपाळीने वर-खाली होतो. अंग लाकडासारखे ताठ झाले, शेपूट वर उभी राहून थरथरली, तोंड मिटले, की लगेच हाक मारावी. विनाकारण जांभई, ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, ही ‘मला पुरे झाले’ अशी विनवणी असते. एकच कुत्रा सारखा खाली आणि दुसरा सारखा वर असेल, तर वरच्याला क्षणभर धरावे. खालचा परत त्याच्याकडे गेला तर तो खेळ. तो लांब सटकला तर तो जुलूम होता. ही परीक्षा सौ.ने शोधली असे ती म्हणते, जाणकारांच्या पुस्तकांतही ती आहे; मी वाद घालत नाही.

आमच्या माळावर एकदाच खरी लढाई झाली, ती एका चेंडूवरून. दोघे सख्खे भाऊ, एका वितीतले! तेव्हापासून चेंडू, हाडूक आणि घरच्या शंकरपाळ्या माळावर आणायला बंदी आहे. माजावर आलेली मादी घरी राहते. खोकणारा, ढाळ लागलेला, अंगावर गोचीड दिसणारा कुत्राही घरी. आणि हे मात्र मी जरा मोठ्याने सांगतो: भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये हात घालू नये. माणसाला होणारे चावे पुष्कळदा घरच्याच कुत्र्याचे असतात. पाण्याची भरलेली बादली तयार ठेवावी. ती अंगावर ओतावी, किंवा एखादे गोणपाट मध्ये टाकावे. मुलांना माळावर न्यावे, पण मोठ्याचा हात धरून. पळत्या मुलामागे दहा लॅब्रॅडॉर धावले तर त्यांच्या मनात पाप नसते, तरी मूल मात्र पडते.

माळावरचे मूळ रहिवासी, म्हणजे गावठी कुत्री, यांना विसरून चालणार नाही. आपण तासाभराचे पाहुणे, ती तिथली वतनदार. आम्ही त्यांची झोपायची जागा सोडून पलीकडे जमतो आणि एकजण दोरी न धरता नुसते लक्ष ठेवतो. त्यांच्याशी आपल्या कुत्र्याची झटापट झाली, आणि जखम केवढीही लहान असली, तरी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे जायचे, मग आपल्या कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली का असेना. ती लस पिल्लू तीन महिन्यांचे झाले की द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. माणसाला ओरखडा जरी लागला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे, घड्याळ लावून, आणि तडक दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरचीची पूड हे आजीच्या बटव्यातले उपाय इथे घातक आहेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि त्याआधी वेळेवर लस घेतली तर जवळजवळ नेहमी वाचतो. एवढा मोठा फरक पंधरा मिनिटांच्या साबणापासून सुरू होतो.

पाण्याचेही सांगतो. दंगल झाली की लॅब्रॅडॉरला डबके दिसते आणि डबके दिसले की त्याला स्वर्ग दिसतो. पण वालधुनीचे पाणी कसे आहे हे आम्हा इकडच्यांना सांगायला नको, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा रोग पसरतो. तो कुत्र्याला होतो तसा माणसालाही. जो तो आपले पाणी, आपले भांडे घेऊन येतो.

खरा हंगाम आता सुरू होतो आहे, कार्तिकापासून माघापर्यंतचा. मात्र फटाके वाजताहेत तोवर नाही. नेपाळात नरकचतुर्दशीला कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, कपाळाला टिळा लावतात. आपल्याकडे त्याच दिवशी पहाटे त्यांच्या कानाशी ॲटमबॉम्ब लावतात. घाबरलेला कुत्रा पट्ट्यातून मान काढून कुठवर पळेल याचा नेम नसतो, आणि भेदरलेल्या मनाने भेटलेल्या कुत्र्यांची ओळख वाकडीच होते. म्हणून आमचा पुढचा मेळावा तुळशीची लग्ने उरकल्यावर ठेवला आहे. निरोप गेला आहे. अंबरनाथच्या एका पगवाल्याने विचारले आहे, की आम्ही आलो तर चालेल का? त्याला कळवले आहे की जरूर यावे. पण पग चपट्या नाकाचा, धाप लवकर लागते, तेव्हा नवाच्या उन्हाआधी परतावे, मोठ्यांच्या दंगलीपासून लांब, बाईंच्या सतरंजीजवळ बसावे, आणि लशींचा कागद बरोबर आणावा.